अहवालातला १०८ कसा वाचावा
(बुद्धिमापन चाचणीनंतर पालकांसाठी माहितीपत्रक)

अहवाल हाती आला की नजर आधी बुद्ध्यंकावर जाते. समजा तो १०८ आहे. त्याच्याच शेजारी कंसात ९९ ते ११७ असे छापलेले असते. आमची विनंती आहे की आधी तो कंस वाचा.

१०८ येतो कुठून

मुलाचे कच्चे गुण, म्हणजे उत्तरांना थेट मिळालेले गुण, एकटे काही सांगत नाहीत. ३२ गुण आठ वर्षांच्या मुलाला भरपूर असतील, बाराच्या मुलाला कमी. म्हणून ते त्याच वयाच्या मोठ्या गटावरून तयार केलेल्या मानकांशी ताडून पाहतात. वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीच्या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेले असते. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप. शंभरातली साधारण ६८ मुले ८५ ते ११५ मध्ये बसतात.

मानकांचा तक्ता वयाच्या महिन्यांवर चालतो. दाखल्यावरची जन्मतारीख आणि खरी तारीख वेगळी असेल, तर आम्हाला खरीच सांगा. काही महिन्यांच्या फरकानेही तक्त्यातला रकाना बदलतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

१०८ चा शततमक, म्हणजेच पर्सेंटाइल, सुमारे ७० येतो. याचा अर्थ ७० टक्के उत्तरे बरोबर आली असा नाही. त्याच वयाच्या शंभरातली सुमारे ७० मुले त्याच्या मागे आहेत, एवढाच. शततमकांची वजाबाकीही करू नका. ५० वरून ५९ वर जायला साडेतीन गुण पुरतात, ९० वरून ९९ वर जायला जवळजवळ १६ लागतात, कारण मधल्या भागात मुलांची दाटी असते.

कंस कशासाठी

कोणतीही चाचणी अगदी अचूक नसते. विश्वसनीयता म्हणजे चाचणी पुन्हा घेतली तर गुण कितपत तसेच येतात त्याचे माप; ते जास्तीत जास्त १ असते. ती ०.९१ असेल तर १ मधून ती वजा करून ०.०९ उरतात. त्याचे वर्गमूळ ०.३. त्याला १५ ने गुणले की ४.५, ही मापनाची प्रमाण त्रुटी. ९५ टक्के खात्रीसाठी तिची सुमारे दुप्पट घेतात, म्हणजे दोन्ही बाजूंना ९ गुण. भाऊ १०८ आणि बहीण १०३, यावरून कोण हुशार हे ठरत नाही. दोन्ही गुणांत त्रुटी असते, त्यामुळे एवढ्या विश्वसनीयतेच्या चाचणीत १३ पेक्षा कमी फरकाला आम्ही फरक म्हणत नाही.

विश्वसनीयता चांगली असूनही निकाल चुकीचा असू शकतो. मराठी माध्यमाच्या मुलाला शाब्दिक चाचणी इंग्रजीतून दिली, तर गुण दर वेळी सारखेच येतील, पण मोजले जाईल ते बरेचसे इंग्रजी. हा सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का याचा दोष, आणि कंस रुंद करून तो झाकता येत नाही.

बिने-कामत या दुसऱ्या बुद्धिमापन चाचणीत बुद्ध्यंक वेगळ्या रीतीने निघतो: मानसिक वय (मूल सरासरी कोणत्या वयाच्या मुलाइतके प्रश्न सोडवते ते वय) भागिले खरे वय, गुणिले १००. आठ वर्षांच्या, म्हणजे ९६ महिन्यांच्या मुलाचे मानसिक वय १०४ महिने आले, तर बुद्ध्यंक १०८. आकडा तोच असला तरी वेक्स्लरच्या १०८ शी त्याची बरोबरी लावू नका. जुना अहवाल आणताना चाचणीचे नाव आणि वर्ष पाहून घ्या. मानके जुनी असतील तर गुण फुगलेले दिसतात.

चाचणीच्या दिवशी

चष्मा असेल तर सोबत द्या. ताप किंवा जागरण झाले असेल तर आदल्या दिवशी कळवा, तारीख बदलून देऊ. घरी नमुना प्रश्न सोडवून घेऊ नका. हीच चाचणी गेल्या वर्षभरात कुठे झाली असेल तर ती लपवू नका. सरावाने गुण वाढतात, म्हणून आम्ही त्या वेळी दुसरी चाचणी निवडतो.