आचाऱ्यांचे आचार्य कसे झाले?

गेल्या गणपतीत मुलुंडच्या आमच्या सोसायटीत महाप्रसादाच्या खर्चाचं पत्रक निघालं. सभासदांची नावं एक्सेलमध्ये, मजकुराचा साचा वेगळ्या फाइलमध्ये, आणि दोन्ही जुळवून घरटी एक पत्र आपोआप तयार करणारा छोटा प्रोग्रॅम मी बसवून दिला होता. पत्रं वाटून झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यातच थांबवलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, अख्खी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. "अरे, आचार्यांना कसले पैसे दिलेत तुम्ही? स्वयंपाक आचाऱ्यांनी केला होता ना?"

घरी येऊन मूळ साचा उघडला. तिथे ‘आचाऱ्यांना’ असंच होतं. टाइप करणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. साचा ते छापील पत्र या वाटेत शब्द बदलला होता, आणि तोही एकही दिसणारं अक्षर न पुसता.

‘आचार्य’मधला र पुढच्या य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि उच्चारात आधीच्या ‘चा’वर आघात येतो. ‘आचाऱ्यांना’मध्ये आघात नाही, म्हणून तिथे र एक बारीक वळणदार आडवी रेघ होऊन य ला चिकटतो. दर्या आणि दऱ्या यांतही हाच फरक: एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. संगणकात ही आडवी रेघ दोन प्रकारे लिहिता येते. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं शून्य रुंदीचं चिन्ह, आणि मग य. हे चिन्ह म्हणजे जोडक. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक ८२०५. ते पडद्यावर दिसत नाही, कागदावर शाई घेत नाही, पण अक्षरानं कोणतं रूप घ्यायचं ते तेच सांगतं.

आमचा साचा दुसऱ्या प्रकारानं टाइप झाला होता. आणि पत्रं बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मजकूर ‘स्वच्छ’ करण्याची एक पायरी आपोआप चालू होती. इंटरनेटवरून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य कचरा येतो, तो काढायला ती ठेवलेली. तिनं जोडक कचरा समजून उचललं. मागे उरलं र, हलन्त, य. त्याचं रूप रफारच होणार.

गंमत अशी की युनिकोडच्या हिशेबात जोडक ही रिकामी जागा नाहीच. ‘व्हाइट स्पेस’ म्हणून नोंदलेली २५ चिन्हं आहेत, त्यांत साधी स्पेस, टॅब, ओळ संपल्याच्या खुणा असं सगळं आहे, पण जोडक नाही. ते ‘फॉरमॅट’ या वेगळ्या वर्गात मोडतं. ज्यांच्या लिपीत या वर्गाला काही काम नसतं, त्यांना तो सरसकट पुसून टाकणं बिनधोक वाटतं.

रिकामी जागा ही वस्तू आहे की वस्तूचा अभाव? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर मुंबईतच दोन प्रकारे मिळतं. १९५५ साली गोदरेजनं भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. त्याचा लांब दांडा दाबला की गाडा एक घर सरकायचा, कागदावर काहीच उमटायचं नाही. तिथे जागा म्हणजे अभाव. पण त्याच्याही कितीतरी आधी, १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळच्या छपाईत दोन शब्दांमधली जागा हा शिशाचा खराखुरा तुकडा असे. तो अक्षराच्या खिळ्यापेक्षा बुटका, म्हणून शाई त्याला लागत नसे. जुळारी तो हातानं उचलून लावायचा. नाही लावला तर शब्द एकमेकांना भिडायचे.

आपण विचार टाइपरायटरसारखा करतो, संगणक वागतो खिळ्यांसारखा. स्पेस हेही त्याच्या लेखी एक अक्षर, क्रमांक ३२. दोन शब्द तुटू नयेत म्हणून मधे घालायची न तुटणारी स्पेस वेगळी, तिचा क्रमांक १६०. दिसायला दोघी सारख्याच. एक्सेलचं ट्रिम हे सूत्र फक्त ३२ ला ओळखतं, म्हणून वेबपानावरून उतरवलेल्या नावामागे १६० चिकटलेली असली तर ट्रिम करूनही ती तिथेच राहते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ‘स्ट्रिप’ ही आज्ञा मात्र दोन्ही काढते. काम तेच सांगितलेलं, पण रिकामं कशाला म्हणायचं याची व्याख्या ज्याची त्याची.

आता साच्याकडे येऊ. साचा लिहिणाऱ्याला तो वाचता यावा म्हणून तो ओळी पाडतो, आत सरकवून लिहितो. यातल्या कोणत्या जागा लिहिणाऱ्याच्या सोयीच्या आणि कोणत्या वाचकासाठी, हे यंत्राला कसं कळावं? ते कळत नाही. म्हणून बनवणारा एक नियम ठरवून टाकतो, त्यालाच आपण डिफॉल्ट म्हणतो. वेबपान कितीही स्पेस आणि ओळी आल्या तरी त्यांची एकच स्पेस करतं. डोनाल्ड क्नूथ यांचं टेक हे छपाईसाठी मजकूर जुळवणारं साधनसुद्धा तसंच करतं, पण पूर्ण रिकामी ओळ दिसली की नवा परिच्छेद धरतं. साध्या खुणांनी मजकुराची मांडणी सांगणाऱ्या, २००४ मध्ये आलेल्या मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटी दोन स्पेस दिल्या तर ओळ मोडायची, असा मूळ नियम. बरेच जण आपल्या एडिटरमध्ये ओळीच्या शेवटच्या फालतू स्पेस सेव्ह करताना काढून टाकायचं सेटिंग चालू ठेवतात. आपापल्या जागी दोन्ही योग्य. एकत्र आले की पत्त्याच्या चार ओळींची एक लांबलचक ओळ होते.

जिंजा नावाचं साचे भरणारं साधन खूप वापरात आहे. त्यात ‘प्रत्येक सभासदासाठी हे कर’ अशी आज्ञा स्वतंत्र ओळीवर लिहिली, तर आज्ञा नाहीशी होते पण तिच्या शेवटची ‘ओळ संपली’ ही खूण मागे राहते. म्हणून यादीत प्रत्येक नावानंतर एक रिकामी ओळ दिसते. ती खूण गिळण्याचं सेटिंग जिंजामध्ये मुळात बंद असतं. आणि अनेक संगणकांची मांडणी आपोआप करून देणाऱ्या, जिंजावरच चालणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या टेम्प्लेटमध्ये तेच सेटिंग मुळात चालू! एकीकडे जमलेला साचा दुसरीकडे नेला की ओळी हलतात, आणि माणूस आपल्याच साच्यात चूक शोधत बसतो.

वर्डची डॉक्स फाइल उघडून पाहिलीत तर ती झिप केलेलं गाठोडं निघते, आत एक्सएमएलमधला, म्हणजे खुणांच्या कंसांत तुकडे करून ठेवलेला मजकूर. तुकड्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी स्पेस असेल, तर ‘ही जागा राखा’ असा शेरा त्या तुकड्यावर लागतो. वर्ड स्वतः तो लावतं. हातानं प्रोग्रॅम लिहून डॉक्स बनवणारा मात्र विसरतो, आणि ‘सौ.’ व त्यापुढचं नाव एकमेकांना चिकटतात.

कागदाचंही तेच. अमेरिकेत घडलेल्या अनेक साधनांत पान मुळात ‘लेटर’ असतं, २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. सेटिंग बदललं नाही की छापताना समास बिघडतात.

हे नियम आकसानं केलेले नाहीत, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. शब्दांमधली जागा आपल्याकडेही गृहीत नव्हती. मोडीत आधी आडवी रेघ आखून तिला अक्षरं लटकवत जात, शब्द सुटे करण्याची पद्धतच नव्हती, आणि कारभार त्यावर सुरळीत चालला. वाचणाऱ्याला लिपी आणि व्यवहार ठाऊक होता. यंत्राला ज्यानं घडवलं त्याची लिपी ठाऊक असते, आपली त्याला आपणच सांगावी लागते.

आमच्या प्रोग्रॅममधली स्वच्छतेची पायरी मी काढली नाही, तिला फक्त जोडकाला हात लावायची मनाई केली. साच्यातले सगळे ‘ऱ्य’ स्वतंत्र ऱ वापरून पुन्हा टाइप केले. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की तो मिळतो, आणि जोडक गेलं तरी त्याला धक्का लागत नाही. दुरुस्त पत्रं त्याच आठवड्यात पुन्हा घरोघरी दिली. आता कोणतीही खरी यादी चालवण्याआधी मी पहिल्या ओळीत एक खोटा सभासद घालतो. नावाच्या रकान्यात ‘दर्या दऱ्या’, त्यातला दुसरा शब्द मुद्दाम जोडक घालून लिहिलेला, आणि पत्त्याच्या चार ओळी. त्याचं एकच पत्र छापून बाईंना दाखवतो. दोन शब्द वेगळे उमटले आणि पत्ता चार ओळींत आला, की मगच बाकीची पत्रं सोडतो.