सेल ‘लॉक्ड’ असणं वेगळं, शीट ‘प्रोटेक्ट’ असणं वेगळं

“फॉर्म्युल्याचे सेल लॉक केले, तरी कुणीही ते बदलतंय.” “शीट प्रोटेक्ट केली, आता कुठेच काही टाइप होत नाही.” एक्सेलबद्दलच्या या दोन तक्रारी सतत ऐकू येतात. दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते कुणी नीट सांगत नाही याची मला चीड येते. उत्तर म्हणून नुसता क्लिकांचा क्रम दिला जातो. तो चार दिवसांत विसरतो आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रोटेक्ट करणं बहुतेकांना येतं: रिव्ह्यू टॅब, प्रोटेक्ट शीट, हवा तर पासवर्ड, ओके. तिथे थांबण्यासारखं काही नाही. फॉर्म्युल्यातल्या सेलच्या पत्त्याला एफ४ दाबून डॉलरची चिन्हं घालणं यालाही काहीजण ‘सेल लॉक करणं’ म्हणतात. त्याचा इथे काडीचा संबंध नाही.

खरा घोळ आहे तो ‘लॉक्ड’चा. ही सेलवरची फक्त एक खूण आहे. कोरी फाइल उघडा, कुठलाही सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा आणि शेवटच्या प्रोटेक्शन टॅबवर जा. लॉक्डसमोर टिक आधीच असते. तुम्ही काहीही केलेलं नसतं, तरी शीटमधल्या एकूण एक सेलवर ती असते. मग आपण बिनधास्त टाइप कसं करतो? कारण शीट प्रोटेक्ट होईपर्यंत एक्सेल त्या खुणेकडे ढुंकूनही बघत नाही. खूण सेलवर असते, ती पाळायची की नाही हे शीटवर ठरतं.

आता पहिली तक्रार बघा. ज्यानं फॉर्म्युल्याचे सेल ‘लॉक केले’, त्यानं आधीच असलेली टिक पाहून ओके दाबलं. शीट प्रोटेक्ट केलीच नाही. दुसऱ्यानं शीट प्रोटेक्ट केली, पण कुठलीच टिक काढली नव्हती, म्हणून सगळंच बंद झालं. मग वैतागून तो प्रोटेक्शन काढतो आणि फाइल तशीच उघडी सगळ्यांना पाठवतो.

म्हणजे काम उलट्या बाजूनं करायचं: काय बंद ठेवायचं ते नव्हे, तर काय उघडं ठेवायचं ते सांगायचं. समजा बी कॉलममध्ये नग, सीमध्ये दर आणि डीमध्ये दोन्हींचा गुणाकार आहे. बी आणि सीमधले भरायचे सेल निवडा, लॉक्डची टिक काढा, मग शीट प्रोटेक्ट करा. बी५मध्ये आकडा घेतला जाईल. डी५मध्ये टाइप करायला गेलात की शीट प्रोटेक्टेड असल्याचा संदेश येईल. टॅब दाबत गेलात तर कर्सरही फक्त उघड्या सेलमधूनच फिरेल.

“आधी सगळी शीट अनलॉक करा, मग फक्त फॉर्म्युले लॉक करा” हा सल्ला बराच फिरतो. मला तो अजिबात पटत नाही. माझ्या पद्धतीत एखादा सेल उघडायचा राहिला, तर भरणारा लगेच ओरडतो. त्या पद्धतीत एखादा फॉर्म्युला लॉक करायचा राहिला, तर त्यावर कुणीतरी आकडा टाइप करतं आणि चुकीची बेरीज महिनोन्‌महिने पुढे जात राहते. उघड्या सेलना फिकट रंगही द्याच. भरणाऱ्याला विचारावं लागत नाही.

एक फट मात्र राहते. उघड्या सेलमध्ये दुसरीकडून कॉपी-पेस्ट केलं, की मूळ सेलची लॉक्ड खूणही सोबत येते. पेस्ट होतं, आकडा दिसतो, पण पुढच्या वेळी तोच सेल बदलू देत नाही. लोकांना वाटतं फाइल बिघडली. पेस्ट व्हॅल्यूज, म्हणजे फक्त आकडा चिकटवणारा पर्याय, वापरा. हा सोपा उपाय आहे. सॉर्टचंही तसंच: प्रोटेक्ट करताना परवानगी दिली तरी त्या रेंजमधला एकही सेल लॉक्ड असेल तर सॉर्ट होत नाही.

रिव्ह्यू टॅबवरच असलेलं प्रोटेक्ट वर्कबुक मात्र सेलना हातही लावत नाही. ते शीट काढणं, घालणं, हलवणं, लपवणं, नाव बदलणं अशा गोष्टी अडवतं.

आणि शीटचा पासवर्ड गुपित राखण्यासाठी नाही, हे कृपया लक्षात घ्या. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाइल, ही खरं तर झिप केलेल्या एक्सएमएल (साध्या मजकुराच्या) फाइली असतात. शीटचं प्रोटेक्शन ही त्यातली एक नोंद आहे. ती पुसली की पासवर्ड न विचारता शीट उघडी होते. लोकांचे पगार लपवलेल्या शीटमध्ये ठेवून त्यावर असा पासवर्ड घालणं हा निष्काळजीपणा आहे. खरंच झाकायचं असेल तर फाइल मेनूतल्या इन्फोमधून एन्क्रिप्ट विथ पासवर्ड वापरा. तो पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देऊ शकत नाही.

गूगल शीट्समध्ये ही खुणेची भानगडच नाही. तिथे पासवर्डही नसतो. डेटा मेनूतून रेंज किंवा शीट निवडायची आणि कोण बदलू शकेल ते माणसागणिक ठरवायचं. अख्खी शीट बंद करून ठरावीक सेल वगळता येतात. तिथला ‘फक्त सूचना दाखवा’ हा पर्याय मात्र कुणालाही अडवत नाही. ओके म्हटलं की बदल होतो.