राजद्रोह, निष्ठेची शपथ आणि गादीचा वारसा : इंग्लंडमधील कायदे

इंग्लंडमध्ये राजद्रोहाचा गुन्हा, राजनिष्ठेची सक्तीची शपथ आणि गादीच्या वारसाचा वाद हे विषय अनेक शतके एकमेकांत गुंतलेले होते. गादीवर कोणाचा हक्क हे कायद्याने ठरवायचे, ते मान्य असल्याची शपथ लोकांकडून घ्यायची आणि जो मानणार नाही त्याला राजद्रोही ठरवायचे, ही पद्धत आठव्या हेन्रीच्या काळात पूर्णत्वाला गेली.

तिचा पाया तिसऱ्या एडवर्डच्या १३५१ च्या राजद्रोह कायद्यात आहे. त्याआधी राजद्रोह कशाला म्हणायचे हे न्यायाधीश आपापल्या मताने ठरवीत. यात सरदारांचे थेट नुकसान होते. साध्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची जमीन त्याच्या सरदाराकडे परत जाई. राजद्रोहात मात्र ती राजाच्या खजिन्यात जमा होई. म्हणून गुन्ह्याची व्याख्या करून घेण्यासाठी सरदारांनीच आग्रह धरला. राजा, राणी किंवा थोरला राजपुत्र यांच्या मृत्यूचा बेत मनात आणणे, राजाविरुद्ध राज्यात युद्ध पुकारणे, राजाच्या शत्रूंना साथ देणे, राजमुद्रा किंवा नाणी खोटी पाडणे, कामावर असलेल्या चॅन्सेलरचा (राज्याच्या मुख्य कायदेविषयक अधिकाऱ्याचा), खजिनदाराचा किंवा राजाच्या न्यायाधीशाचा खून करणे ही कृत्ये त्यात नेमकी सांगितली. राणीशी, थोरल्या अविवाहित राजकन्येशी किंवा युवराजाच्या पत्नीशी संग करणे हाही राजद्रोहच, कारण त्यातून वारसाच्या रक्ताबद्दल शंका उभी राहते. म्हणजे गादीच्या वारशाची काळजी या कायद्यात पहिल्यापासूनच होती.

दोघे जण गादीवर हक्क सांगत असतील तर राजद्रोही कोण, याचे उत्तर मात्र या कायद्यात नव्हते. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला. विजयी सातव्या हेन्रीने आपली राजवट लढाईच्या आदल्या दिवसापासून मोजली आणि रिचर्डच्या बाजूने लढलेल्यांना राजद्रोही ठरवून त्यांच्या जहागिरी जप्त केल्या. ज्या दिवशी ते आपल्या राजासाठी लढले, त्या दिवसाचा राजाच मागाहून बदलला. पुढे १४९५ मध्ये खुद्द हेन्रीनेच कायदा करून, त्या वेळी गादीवर असलेल्या राजाची चाकरी करणाऱ्याला राजद्रोही म्हणता येणार नाही, असे ठरवले.

आठव्या हेन्रीच्या १५३४ च्या वारसा कायद्याने पहिली पत्नी कॅथरीन हिच्याशी झालेला विवाह रद्दबातल ठरवला, नवी राणी ॲन बुलीन हिच्या संततीला वारस नेमले आणि हे मान्य असल्याची शपथ प्रजेवर घातली. त्याच वर्षीच्या राजद्रोह कायद्याने राजाला पाखंडी, जुलमी किंवा गादी बळकावणारा म्हणणे हा देहदंडाचा गुन्हा केला. राजाची कोणतीही पदवी, अगदी इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ही सुद्धा, दुष्ट हेतूने नाकारणेही त्यात आले, मग ते नुसत्या बोलण्यातून का असेना. आता कृती लागेना, शब्द पुरे झाले.

सर टॉमस मोर या माजी चॅन्सेलरचा खटला येथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. १३ एप्रिल १५३४ रोजी लॅम्बेथ येथे त्याच्यापुढे शपथेचा मजकूर ठेवला गेला. वारस कोण असावा हे ठरवण्याचा पार्लमेंटचा अधिकार त्याला मान्य होता. तेवढी शपथ घ्यायला तो तयार होता. पण कायद्याच्या प्रस्तावनेत पोपची सत्ता नाकारलेली होती, तिला त्याने होकार दिला नाही आणि नकाराचे कारणही सांगितले नाही. टॉवर ऑफ लंडनमध्ये कोंडल्यावरही तो गप्पच राहिला. मौन म्हणजे संमती असे कायदा समजतो, तेव्हा माझ्या मौनातून द्रोह काढता येणार नाही, हा त्याचा बचाव होता. अखेर त्याची पुस्तके न्यायला कोठडीत आलेल्या रिचर्ड रिचने साक्ष दिली, की आपल्याशी बोलताना मोरने राजाचे चर्चप्रमुखपद नाकारले. मोरने ही साक्ष खोटी असल्याचे ठामपणे सांगितले. तरीही १ जुलै १५३५ रोजी तो दोषी ठरला आणि ६ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला. एका माणसाच्या शब्दावर माणूस मारता येतो, हे या खटल्याने दाखवले.

पुढच्याच वर्षी ॲनचाही शिरच्छेद झाला. १५३६ च्या दुसऱ्या वारसा कायद्याने कॅथरीनची मेरी आणि ॲनची एलिझाबेथ या हेन्रीच्या दोन्ही मुली अनौरस ठरल्या. दोन वर्षांपूर्वी ॲनच्या विवाहाविरुद्ध लिहिणे हा राजद्रोह होता. आता तो विवाह वैध म्हणणे हा राजद्रोह झाला. शपथ घेऊन मोकळे झालेल्यांना उलटी शपथ घ्यावी लागली. तिसऱ्या वारसा कायद्याने दोन्ही मुलींना अनौरसपणाचा डाग न पुसताच वारसांच्या यादीत परत आणले. हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याने १५५३ मध्ये मरण्यापूर्वी पार्लमेंटला न विचारता नात्यातल्या लेडी जेन ग्रेला वारस नेमले, पण तिसरा वारसा कायदा मेरीच्या बाजूने होता. जेनची राजवट अवघे नऊ दिवस टिकली. एलिझाबेथच्या १५७१ च्या कायद्याने, पार्लमेंटला गादीचा वारसा ठरवता येत नाही असे म्हणणे हाच राजद्रोह केला.

१६८८ च्या क्रांतीत राजा दुसरा जेम्स याच्या जागी त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम गादीवर आले, तेव्हा शपथेचा पेच पुन्हा उभा राहिला. दुसरा जेम्स हयात असताना विल्यम आणि मेरीशी निष्ठेची शपथ कशी घ्यायची? कायदे करणाऱ्यांनी नव्या शपथेतून ‘न्याय्य आणि कायदेशीर’ हे शब्द गाळले, म्हणजे संकोच वाटणाऱ्यांनाही ती घेता यावी. तरीही कॅंटरबरीचा आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट आणि सुमारे ४०० धर्मगुरूंनी आधीची शपथ मोडायला नकार दिला आणि पदे गमावली. त्यांचे राजकारण पटो वा न पटो, दिलेल्या शब्दाला ते जागले हे मान्य करावे लागते. १६९६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपीला आरोपपत्राची प्रत, वकील आणि दोन साक्षीदारांची अट हे संरक्षण मिळाले. मोरच्या वेळी यातले काहीच नव्हते. १७०१ च्या कायद्याने कॅथलिक वारसांना वगळून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सोफियाच्या प्रॉटेस्टंट वंशजांकडे दिली.

राजद्रोहाबद्दलचा देहदंड ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये संपला. २०१३ च्या कायद्याने वारशात मुलग्यांना मिळणारे प्राधान्य काढले. कॅथलिक व्यक्तीशी विवाह केल्याने हक्क जात नाही, पण राजा स्वतः कॅथलिक असू शकत नाही. १३५१ चा कायदा काही कलमे वगळून अजून लागू आहे. १९१६ मध्ये आयरिश स्वातंत्र्यवादी रॉजर केसमेंटच्या खटल्यात शत्रूला परदेशात दिलेली साथ त्यात बसते का, हा वाद एका विरामचिन्हापर्यंत गेला, तेव्हा न्यायाधीशांनी कायद्याच्या मूळ मजकुराची गुंडाळी स्वतः तपासली. केसमेंटला फाशी झाली.

राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याची ही कल्पना १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १२१ म्हणून आली. नाशिकच्या गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल, अशा युद्धाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून, याच कलमाखाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम १४७ मध्ये असून त्यात राजाच्या जागी भारत सरकार आहे.