इव्होक्ड पोटेन्शियल आणि हार्ट रेटवरून मेंदूची तपासणी

पेशंट बेशुद्ध आहे, किंवा पेशंट म्हणजे दोन महिन्यांचं बाळच आहे, विचारून काही कळणार नाही, अशा वेळी मेंदूचं काम बाहेरून तपासायच्या या दोन पद्धती. पहिलीत, म्हणजे इव्होक्ड पोटेन्शियलमध्ये, कानात आवाज, डोळ्यांसमोर चौकटी किंवा मनगटाला करंटचा हलका झटका देतात आणि मेंदूचं उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने मोजतात. दुसरीत हृदयाच्या ठोक्यांचा वेग आणि त्यातला चढउतार बघतात.

जर्मन डॉक्टर बर्गरने माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, १९२४ मध्येच काढला होता, पण एका आवाजाला येणारं उत्तर इतकं बारीक, कानात आवाज देऊन करायच्या बेरा टेस्टमध्ये तर १ मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी, की ते ईईजीत बुडून जातं. लंडनच्या डॉसनने १९५० च्या आसपास अ‍ॅव्हरेजिंगचं तंत्र आणलं तेव्हा वाट मोकळी झाली. तोच आवाज १००० वेळा देऊन सरासरी काढली की मधली खळखळ साधारण ३२ पट कमी होते, उत्तर तेवढं उरतं.

इंदूरला रामबागेत काय नि सुदामानगरात काय, घरोघरी माहीत असते ती बेरा, कारण बाळ हाकेला वळत नाही म्हणून आजी ताटली वाजवून बघते आणि मग डॉक्टर हीच टेस्ट लिहून देतात. पहिल्या १० मिलिसेकंदांत लाटा येतात, मोठ्या माणसात पाचवी लाट साधारण साडेपाच-सहाला, आणि उशीर कुठल्या लाटेपासून सुरू झाला त्यावरून बिघाड कानाच्या नसेत की ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या बुडाचा, पाठीच्या कण्याकडे जाणारा देठ) ते कळतं. डोळ्यांसमोर चौकटी दाखवायच्या व्हीईपी टेस्टमध्ये १०० मिलिसेकंदांच्या आसपासची लाट बघतात, डोळ्याच्या नसेला सूज आली की ती लांबते. हार्ट बंद पडून परत सुरू झालेल्या पेशंटला मनगटाच्या झटक्याची २० मिलिसेकंदांची लाट एक दिवस उलटल्यावरही दोन्ही बाजूंना नसेल तर शुद्धीवर यायची आशा फार कमी, पण लाट आहे म्हणजे शुद्ध येणारच असं मात्र नाही.

आता हार्ट रेट. हृदयाला आपली स्वतःची लय असते, मिनिटाला साधारण १००, आणि ब्रेनस्टेममधून निघणारी व्हेगस नस तिला ब्रेक लावून सत्तरच्या घरात आणते, श्वास घेताना ब्रेक सैल, सोडताना घट्ट. ब्रेनस्टेम गेला की हा चढउतार संपतो आणि व्हेगसचा ब्रेक काढणारं अ‍ॅट्रोपीन दिलं तरी ठोके वाढत नाहीत. कवटीतला दाब फार वाढला तर उलट ठोके मंदावतात आणि बीपी चढतं, ही धोक्याची खूण. डायबिटीसमुळेही चढउतार कमी होतो, म्हणून नुसत्या हार्ट रेटवर निकाल देता येत नाही.

आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना हे नीट समजावून सांगायलाच हवं. मॉनिटरवर ठोके दिसतात म्हणून मेंदू जिवंत आहे असं त्यांना वाटतं, आणि वाटणारच, पण व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन मिळतोय तोवर हृदय मेंदूशिवायही काही काळ चालतं. इंदूरला अवयवदानासाठी ग्रीन कॉरिडॉर होतात, म्हणजे अवयव लवकर पोहोचावा म्हणून रस्ता मोकळा ठेवतात, त्यामागे अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी निदान ६ तासांच्या अंतराने दोनदा केलेली ब्रेनस्टेमची तपासणी असते, त्यात रिफ्लेक्स आणि श्वासाची टेस्ट मुख्य, इव्होक्ड पोटेन्शियल कायद्याने सक्तीचं नाही.

बेराला नेताना बाळाच्या डोक्याला तेल लावू नये, आदल्या दिवशी केस धुवावेत आणि सकाळची झोप मोडून न्यावं, बाळ झोपलं नाही तर मानेच्या स्नायूंचे सिग्नल मिसळतात आणि लाटा वाचता येत नाहीत.