आपलाच प्रकाश ओळखणारा सेन्सर

कन्व्हेयरच्या एका कडेला काडेपेटीएवढा, प्रकाश सोडून तोच परत टिपणारा फोटोइलेक्ट्रिक सेन्सर आणि समोरच्या कडेला रिफ्लेक्टर, ही जोडी चाकण-वाळूजच्या कारखान्यांत नित्याची. खोका मधे आला की प्रकाश अडतो आणि मोजणी होते. पण परत आलेला प्रकाश आपणच सोडलेला आहे, हे सेन्सरला कळतं कसं? या सेन्सरचा बराचसा इतिहास म्हणजे याच प्रश्नाची उत्तरं.

मूळ शोध लागला तो मात्र समुद्राखालच्या तारांमुळे. विलोबी स्मिथ हा इंग्लिश अभियंता टेलिग्राफ केबल तपासायला सेलेनियमच्या कांड्या रोधक म्हणून वापरत होता. मोजमाप जुळेना. कांडीवर उजेड पडला की रोध घटायचा, पेटीचं झाकण लावलं की पुन्हा वाढायचा. १८७३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. पुढे प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात या परिणामाबद्दलचे हर्ट्झचे १८८७ मधले प्रयोग, त्याची आइनस्टाइनची १९०५ मधली उपपत्ती आणि प्रकाश पडला की वीज वाहू देणाऱ्या काचेच्या फोटोट्यूब आल्या. या ट्यूब कारखान्यांतही पोचल्या, पण एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला ट्यूब अशी मांडणी असली की वायरिंग दोन्हीकडे न्यावं लागे.

ते एकाच बाजूला आणण्यात जर्मनीच्या एर्विन झिकचा मोठा वाटा आहे. प्रकाश ज्या भिंगातून बाहेर जातो त्याच भिंगातून परत घ्यायचा, हे ऑटोकॉलिमेशनचं तत्त्व त्याने औद्योगिक उपकरणांत आणलं. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्यांचे हात वाचवणारा, म्हणजे हात मधे आला की यंत्र थांबवणारा त्याचा प्रकाशपडदा १९५२ मध्ये हानोव्हरच्या प्रदर्शनात लोकांपुढे आला.

समोर साधा आरसा ठेवला तर तो अगदी काटकोनात बसवावा लागतो, आणि यंत्राच्या हादऱ्यांत तो तसा राहत नाही. परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठभागांचा कोपरा मात्र थोडा तिरका झाला तरी प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतो. रिफ्लेक्टरवर असे बारीक कोपरे दाटीने बसवलेले असतात. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या १०० प्रिझमचं तत्त्वही हेच. कारखान्यातल्या मेन्टेनन्सवाल्यांना मात्र रिफ्लेक्टरवरची धूळ पुसणं चुकत नाही!

दिव्याचा प्रश्न उरलाच होता. फिलामेंट हादऱ्यांनी तुटायची, आणि खिडकीतल्या उन्हानेही सेन्सर फसायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अवरक्त आणि दृश्य प्रकाशाचे एलईडी आले. एलईडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करता येतो. परतलेला प्रकाश टिपणाऱ्या रिसीव्हरने फक्त तेवढ्याच वेळा चालू-बंद होणारा प्रकाश मानायचा, बाकीचा सोडून द्यायचा. माझ्या मते या सगळ्यातली खरी झेप हीच.

तरीही चकचकीत स्टीलचा डबा समोर आला की सेन्सरला तो रिफ्लेक्टरच वाटे. त्यावर उपाय ध्रुवीकरणाचा, म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत कंप पावतील असा प्रकाश सोडण्याचा. कोपऱ्यांचा रिफ्लेक्टर प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलून परत पाठवतो, डब्याचा गुळगुळीत पत्रा बदलत नाही. म्हणून रिसीव्हरपुढे सोडलेल्या प्रकाशाच्या कंपनदिशेशी काटकोनात फिल्टर लावला की डब्यावरचा प्रकाश तिथेच अडतो. नेहमीचे फिल्टर अवरक्त प्रकाशावर नीट चालत नाहीत, त्यामुळे अशा सेन्सरमध्ये बहुधा लाल दिवा दिसतो.

रिफ्लेक्टरच नको असेल तर वस्तूवरूनच परतणारा प्रकाश टिपणारे डिफ्यूज सेन्सर असतात. त्यांची अडचण रंगाची: लांबचा पांढरा पुठ्ठा दिसतो, जवळचं काळं रबर सुटतं. म्हणून बॅकग्राउंड सप्रेशन आलं. त्यात प्रकाश किती आला यापेक्षा कोणत्या कोनातून आला हे पाहून अंतर ठरवतात.