राकाईचा फ्रीझर: फसलेल्या प्रयोगातून हाती काय लागलं

युगांडाच्या दक्षिण टोकाला, टांझानियाच्या सीमेला लागून राकाई जिल्हा आहे. व्हिक्टोरिया सरोवराकाठचं कासेन्सेरो हे तेव्हा त्याच जिल्ह्यातलं कोळ्यांचं गाव. १९८२च्या सुमारास इथली धडधाकट माणसं जुलाब-तापाने झिजून मरायला लागली. लोक या आजाराला ‘स्लिम’ म्हणत; हाच एड्स. १९८५ साली डेव्हिड सर्वाडा आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली, तीही याच नावाने. १९८८ मध्ये राकाई प्रकल्प उभा राहिला. घरोघरी जायचं, १५ ते ५९ वयाच्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचे, रक्त घ्यायचं आणि ठरावीक काळाने पुन्हा त्याच दारात जायचं, ही त्याची पद्धत.

नव्वदच्या दशकात सगळ्यांचा भर एका तर्कावर होता. लैंगिक आजाराने जखम किंवा सूज असली की एचआयव्ही सहज शिरतो. मग आधी तेच आजार बरे केले तर? टांझानियातल्या म्वान्झाने १९९५ मध्ये याचं उत्तर ‘होय’ असं दिलं. तिथे दवाखान्यात लक्षणं पाहून लगेच उपचार सुरू केले आणि नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी घटली.

राकाईत त्याहून मोठा घाट घातला होता. लक्षणं असोत-नसोत, दर दहा महिन्यांनी गावातल्या सगळ्या प्रौढांना घरी जाऊन, समोर उभं राहून एका वेळी औषध द्यायचं: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सिप्रोफ्लॉक्सासिन २५० मिलिग्रॅम, मेट्रोनिडाझोल २ ग्रॅम. तुलनेच्या गावांना जंताचं औषध आणि जीवनसत्त्वं. काही लैंगिक आजार खरोखर कमी झाले. एचआयव्ही मात्र जागचा हलला नाही. शंभर निरोगी माणसांवर वर्षभर नजर ठेवली तर दोन्हीकडे सरासरी दीड जणाला लागण होत होती.

कारणं नंतर उलगडत गेली. राकाईत तेव्हाच सुमारे १६ टक्के प्रौढ बाधित होते, म्वान्झात ४ टक्क्यांच्या आसपास. साथ इतकी मुरली की बरीच लागण घरातल्या जोडीदाराकडूनच होते, दर वेळी लैंगिक आजाराचं निमित्त लागत नाही. जननेंद्रियांवरच्या नागिणीला (हर्पिस) प्रतिजैविकं लागू पडत नाहीत. शिवाय दहा महिन्यांच्या खंडात बरा झालेला आजार परत जडतो. म्वान्झात दवाखान्याचं दार रोज उघडं होतं.

प्रयोग फसला, पण गोठवलेलं रक्त शिल्लक होतं. थॉमस क्विन, राकाई प्रकल्पाच्या मारिया वावर, रोनाल्ड ग्रे आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून एक जण बाधित आणि दुसरा निरोगी अशी ४१५ जोडपी शोधली. अभ्यासाच्या काळात ९० निरोगी जोडीदारांना लागण झाली. साठवलेल्या नमुन्यांत विषाणू मोजले तेव्हा चित्र लख्ख झालं: मिलिलिटरमागे १,५०० पेक्षा कमी विषाणू असलेल्या ५१ जणांकडून एकालाही लागण नाही, आणि विषाणू दहापट वाढले की धोका जवळपास अडीचपट. हे २००० साली छापून आलं. त्याच यादीत आणखी एक नोंद होती. बायको बाधित असताना सुंता न झालेल्या १३७ नवऱ्यांपैकी ४० जणांना लागण झाली, सुंता झालेल्या ५० पैकी एकालाही नाही.

शोधनिबंधाबरोबरच टीकाही आली. जोडीदार बाधित आहे हे संशोधकांना ठाऊक, निरोगी माणसाला नाही, आणि गावात एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, नाहीत. बाधिताच्या संमतीशिवाय जोडीदाराला निकाल सांगायचा नाही, असं युगांडाचं धोरण होतं. आक्षेप रास्तच होता. मात्र तेव्हा औषध परवडण्यासारखंच नव्हतं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं तेव्हा हे गणित पालटू लागलं. राकाईत मोफत एआरटी २००४ मध्ये पोहोचली.

पुढे दोन्ही निरीक्षणांची कसोटी लागली. राकाईतल्या ४,९९६ निरोगी पुरुषांच्या चाचणीत सुंतेने लागण निम्म्याने घटली. पण बाधित पुरुषांची सुंता केल्यावरची दुसरी चाचणी डोळे उघडणारी ठरली: त्यांच्या जोडीदारांना फायदा दिसला नाही, आणि जखम भरण्याआधी संबंध आला तिथे धोका वाढलेला दिसला. म्हणून सहा आठवडे संयम पाळा, असं बजावून सांगतात. औषधाची कसोटी एचपीटीएन ०५२ या अनेक देशांतल्या चाचणीने घेतली. तिचं एक केंद्र पुण्यात होतं. १,७६३ जोडप्यांमध्ये लवकर सुरू केलेल्या औषधाने जोडीदाराकडे होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी रोखला, हे २०११ मध्ये कळलं.

तरी सरोवरकाठ मागेच होता. शेतीच्या गावांत १४ टक्के प्रौढ बाधित, कोळ्यांच्या वस्त्यांत सुमारे ४० टक्के. कोळी माशांमागे तळ हलवतो, ठरलेल्या तारखेला दवाखान्यात सापडत नाही. तिथे एआरटी आणि सुंता एकदमच पोहोचवली. विषाणू आटोक्यात असलेल्या बाधितांचं प्रमाण ३४ वरून ८० टक्क्यांवर गेलं, आणि शंभर माणसांमागे वर्षाला ३.४३ असलेला नव्या लागणीचा दर २०१६-१७ पर्यंत १.५९ वर आला. शेतीच्या गावांत मात्र तो तेव्हा ०.६६ होता.