आरसी हेलिकॉप्टर : कोकण किनाऱ्यावरील उड्डाण, बॅटरी आणि निगा

आरसी हेलिकॉप्टर म्हणजे रेडिओ-नियंत्रणावर उडणारे, डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा पंखा असलेले छंदाचे यंत्र. उडवणारे त्याला नुसते ‘हेली’ म्हणतात. चार पंख्यांच्या ड्रोनशी त्याचे नाते वरवरचे आहे. ड्रोनच्या पात्यांचा कोन कायम असतो आणि मोटरचा वेग कमी-जास्त करून ते तरंगते. हेलीत फेरे जवळजवळ स्थिर राहतात आणि पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलतो. पिच उणे करता येते, त्यामुळे हेली उलटे उडते. मोटर बंद पडली तरी उतरताना वाऱ्यावर पाती फिरती ठेवून ते सुखरूप जमिनीवर आणता येते.

जर्मनीच्या डिटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस उडवता येण्याजोगे मॉडेल तयार केले आणि १९७२ मध्ये त्यांच्या ह्युई कोब्रा मॉडेलचा संच बाजारात आला. तेव्हा मिथेनॉलवर चालणारी इंजिने असत. लिथियम-पॉलिमर (लायपो) बॅटरी आणि ब्रशलेस मोटर आल्यावर हा छंद घरगुती झाला. २०१० च्या आसपास डोक्यावरची, हेलीला स्थिर ठेवणारी फ्लायबारची दांडी जाऊन तेच काम करणारा तीन अक्षांचा इलेक्ट्रॉनिक जायरो आला.

कोकणात हेली बिघडते ते पडल्यामुळे कमी आणि खाऱ्या दमट हवेमुळे जास्त, हे आधी ध्यानात घ्यावे. पडलेले हेली तासाभरात दुरुस्त होते. मिठाने आतून खाल्लेले बेअरिंग मात्र हवेत असतानाच दगा देते.

आकार आणि ताकद

हेलीचा वर्ग पात्याच्या लांबीशी जोडलेला असतो, पण आकडा तंतोतंत जुळतोच असे नाही. ४५० वर्गाचे पाते सुमारे ३२५ मिलिमीटर, ६०० चे ६०० आणि ७०० चे ७०० मिलिमीटर. नवशिक्याला ४५० बरे पडते: सुटे भाग स्वस्त, वजन किलोच्या आत आणि ३एस (तीन सेल एकसर जोडलेल्या) २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) बॅटरी पॅकवर ते चार-पाच मिनिटे उडते. पण त्याला खेळणे समजू नये. मिनिटाला २८०० फेऱ्यांवर त्याच्या पात्याचे टोक ताशी ३७० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. ३० ग्रॅमचे पाते तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या डोक्यावरच्या पकडीला सुमारे ५० किलोच्या जोराने, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीच्या वजनाने, बाहेर ओढत असते. हा सगळा भार पकडीतल्या बोटाच्या पेराएवढ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, म्हणून हेलीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच. त्याच्या दोन चकत्या दिसायला सारख्या, पण एकीचे भोक किंचित मोठे असते. मोठ्या भोकाची आत हबकडे, म्हणजे पंख्याच्या मधल्या गाभ्याकडे, आणि लहान भोकाची बाहेर स्क्रूकडे बसते. उलट बसवली की पकड जड फिरते, सर्वो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) तापतात आणि बेअरिंग चुरा होऊन बाहेर पडते.

जागा आणि वारा

कोकणात उडवायला दोनच जागा चांगल्या: कातळाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आणि ओहोटीची ओली, कडक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सड्यावर झाडे नसतात आणि दृष्टी मोकळी असते, पण कातळ पात्यांना क्षमा करत नाही आणि सुटी खडी पंख्याच्या झोतात उडते. दोन-तीन फूट लांब-रुंद रबरी चटई किंवा प्लायचा तुकडा उतरायला पसरावा. रत्नागिरी, राजापूर परिसरातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि त्यांतली काही २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रेषा झिजलेल्या असल्या की ती चटकन दिसत नाहीत. चटई टाकण्याआधी जागा चालून पाहावी आणि शिल्पाच्या आसपास उडवूच नये.

सकाळी मतलई वारा मंद असतो. दुपारकडे खारा वारा सुटतो आणि दोन ते चारच्या सुमारास जोर धरतो. सूर्योदयापासून दहापर्यंतची वेळ म्हणूनच उत्तम. संध्याकाळी वारा पडला तरी समुद्राकडे तोंड करून उडवताना सूर्य डोळ्यांत येतो. हेलीची नुसती काळी आकृती उरते आणि नाक कुठे, शेपूट कुठे हे कळेनासे होते. ज्या अपघातांत यंत्राचा काही दोष नसतो त्यांतले बरेचसे असे होतात. सड्याच्या कड्यालगतही उडवू नये. समुद्रावरचा वारा कड्याला धडकून वर चढतो आणि मागे भोवरे करतो. कडा सोडून निदान पन्नास मीटर आत यावे. सरळ खाली वेगाने उतरवणेही टाळावे, कारण हेली स्वतःच्याच झोतात बुडते आणि पिच वाढवले तर अधिकच खचते. थोडी पुढची चाल ठेवून उतरावे.

बॅटरी

लायपोच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ आणि साठवणीसाठी ३.८० ते ३.८५. म्हणजे ३एस पॅक १२.६ आणि ६एस पॅक २५.२ व्होल्टला पूर्ण भरतो. ३.० व्होल्टच्या खाली गेलेला सेल कायमचा दुखावतो. पॅकमधली ८० टक्के ऊर्जाच वापरायची, हा पाळायचा नियम. २२०० एमएएच पॅकमधून १७६० काढायचे. पाच मिनिटांत ते काढले तर सरासरी विद्युतप्रवाह २१ अँपिअर होतो. पहिल्या उड्डाणाला रिमोटचा टायमर चार मिनिटांवर ठेवावा आणि उतरल्यावर सेल थंड होऊ देऊन मोजावा. ३.७५ च्या आसपास असेल तर टायमर बरोबर आहे. चार्जर परत किती एमएएच भरतो त्यावरून दहा-पंधरा सेकंदांनी वेळ जुळवत जावी. हिशेब डोक्यात न ठेवता पॅकवर क्रमांक टाकून वहीत लिहिलेला बरा.

चार्जिंग १सी ने, म्हणजे २२०० एमएएच ला २.२ अँपिअरने, आणि दर वेळी बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरणारी) जोडूनच करावे. उड्डाणाहून आलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावू नये. हाताला कोमट लागेनासा झाला की लावावा. उड्डाणात पॅक ६० अंशांच्या वर गेला की त्याचे आयुष्य भराभर घटते, आणि उन्हात उभ्या गाडीत तो न उडताही तापतो. सड्यावर नेताना पॅक सावलीत, झाकणाच्या डब्यात असावेत. मासे ठेवायचा थर्माकोलचा खोका थंड राखतो खरा, पण पेट घेतो. वाटेत न्यायला तो चालेल, चार्जिंगला अजिबात नाही.

चार्जिंगसाठी कोकणातल्या घरी आयती सोय आहे: जांभा चिरा. पडवीत किंवा खळ्यात चार चिरे मांडून मधल्या जागेत पॅक ठेवावा. वर लाकूड, गवत, पेंढा काही नको. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पॅकने पेट घेतला तर वाळू आग अडवते आणि बाजूला पसरू देत नाही. आतली रासायनिक क्रिया मात्र संपेपर्यंत चालू राहते. धूर विषारी असतो, म्हणून दाराआड चार्ज करू नये आणि चार्जिंग चालू ठेवून झोपू नये.

पॅक का फुगतो? जास्त उपसा, जास्त उष्णता किंवा पूर्ण भरून ठेवणे, यांनी आतला विद्राव विघटित होऊन वायू होतो. फुगलेला पॅक टोचून वायू काढणे म्हणजे आग लावणे. तो उडवूही नये. ३एस पॅकला गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा जोडून उघड्यावर, लक्ष ठेवून, पूर्ण रिकामा करावा; ६एस ला असे दोन दिवे एकसर जोडावेत. समुद्राचे पाणी हाताशी असल्याने पॅक मिठाच्या पाण्यात बुडवून ‘मारण्याची’ पद्धत इथे फार चालते. ती भरवशाची नाही: मीठ आधी बाहेरच्या पट्ट्या कुरतडते, जोडणी तुटते आणि आत भार तसाच राहतो. रिकामा पॅक कचऱ्यात किंवा खाडीत न टाकता बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा.

पॅक थकला की नाही हे अंतर्गत रोधावरून कळते. नवा असताना प्रत्येक सेलचा आकडा, त्या वेळच्या तापमानासह, लिहून ठेवावा. तो दुप्पट झाला किंवा एकच सेल बाकीच्यांहून सतत मागे राहू लागला, तर पॅक हेलीतून काढून हलक्या कामाला लावावा.

विमानाने नेताना पॅक हातसामानातच लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत अडचण येत नाही. १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची संमती लागते. ३एस २२०० चा पॅक २४.४ वॅट-तासांचा, तर ६एस ५००० चा १११.

मीठ आणि काळी वाळू

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओघळते. कोकणात पावसाळ्यात आणि एरवीही बऱ्याच रात्री आर्द्रता त्याच्या वर असते. पुळणीवरून आणलेल्या हेलीवरची मिठाची पातळ पुटी म्हणून कधी पुरती वाळत नाही. सोन्याचा मुलामा झिजलेल्या पितळी कनेक्टरवर हिरवा कळंक चढतो. जोड तापतो आणि उड्डाणात दाब अचानक पडतो. तारेचे आवरण सोलल्यावर आतले तांबे काळे निघाले तर ती तार कापूनच टाकावी. काळ्या तांब्यावर डाक (सोल्डर) धरत नाही.

पुळणीवर उडवल्यावर आधी सुका मऊ ब्रश आणि हवेची फुंकर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके, मग कोरडे फडके, हा क्रम मोडू नये. उलट केले तर वाळूच पुसण्यात घासली जाते. मेन शाफ्टवर (मोठ्या पंख्याच्या उभ्या दांड्यावर) आणि टेलच्या पिच स्लायडरवर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या सरकत्या भागावर) शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. घरात खोबरेल हाताशी असते, पण ते वापरू नये: २४ अंशांच्या खाली ते थिजते आणि पुढे चिकट होते. गंज सोडवायचा स्प्रे बेअरिंगमधले ग्रीस धुऊन नेतो, म्हणून तोही नको.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवीपासून पूर्णगडपर्यंत ठिकठिकाणी, वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ब्रशलेस मोटरच्या चुंबकांना ते चिकटतात. मोटरच्या फटीत पाहिले तर बारीक काळी लव उभी दिसते. फुंकून ती जात नाही. चिकटपट्टी घडी करून फटीतून ओढली की कण तिच्यावर येतात, आणि चार-पाच वेळा तसे केल्यावर मोटर पुन्हा मोकळी फिरते. न काढल्यास ते तांब्याच्या वेटोळ्यांचा मुलामा घासतात आणि मोटर एक दिवस जळते. काळ्या पट्ट्याच्या पुळणीवर चटईशिवाय हेली ठेवूच नये.

हेली समुद्रात पडलेच तर पहिले काम पॅक सोडवून दूर उघड्यावर ठेवणे. तो पॅक परत वापरायचा नाही. मग लगेच, वाळण्याआधी, सगळे हेली गोड्या पाण्यात खळबळावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे आणि दोन दिवस सावलीत वाळवावे. बेअरिंगे बदलावीत. विजेच्या वस्तूला पाणी लावायला हात धजत नाही, पण आत वाळलेले मीठ गोड्या पाण्याहून कितीतरी वाईट.

जुळवणी आणि तपासणी

रिमोटची स्टिक मधोमध असताना पिच शून्य, स्वॉशप्लेट (सर्वोची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी) सपाट, सर्वोची शिंगे, म्हणजे आडवे हात, काटकोनात. इथून जुळवणी सुरू होते. नवशिक्याला उणे ३ ते अधिक १० अंश पुरेत. धातूत धातू बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (स्क्रू सैल न होऊ देणारा द्रव) लावावा; प्लास्टिकला लावला तर ते तडकते. पिनियन (मोटरचे छोटे दातेरी चाक) आणि मेन गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून दाबावे आणि स्क्रू आवळावेत. पट्टी काढल्यावर उरते ती फट बरोबर असते. पडल्यानंतर फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पकडींतून जाणारा आडवा दांडा) आणि मेन शाफ्ट काचेवर लोळवून पाहावेत. डोळ्याला सरळ दिसणारा शाफ्ट काचेवर टकटकतो. एका पात्याच्या टोकाला लाल पट्टी लावून पाती एका पातळीत फिरतात का हे बाजूने, अंतर राखून पाहावे. नसतील तर लिंक (पात्याचा कोन ठरवणारी काडी) अर्ध्या-अर्ध्या आट्याने फिरवावा.

चालू करताना आधी रिमोट, थ्रॉटल होल्ड (मोटर बंद धरून ठेवणारा खटका) लावलेला, मग पॅक. बंद करताना आधी पॅक, मग रिमोट. पॅक जोडल्यावर जायरो काही सेकंद स्वतःला जुळवतो आणि तेवढ्यात हेली हलता कामा नये. सड्यावर वाऱ्याने ते डुलत असेल तर अंगाच्या आडोशाला ठेवावे, नाहीतर उचलताच शेपूट एका बाजूला सरकते आणि दोष जुळवणीत शोधला जातो. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याचे हेली तरंगताना किंचित उजवीकडे कललेले असते. तो बिघाड नव्हे. शेपटीच्या पंख्याचा ढकल त्या कलाने तोलला जातो.

शिकताना आधी संगणकावरचा सिम्युलेटर, मग खाली आडव्या काठ्यांचे प्रशिक्षण-पाय बांधून शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगणे, मग हेलीची कूस आणि शेवटी नाक आपल्याकडे ठेवून. नाक समोर आले की उजवे-डावे उलटे होते, आणि इथेच सर्वांत जास्त पाती मोडतात. आपण निदान दहा मीटर मागे उभे राहावे आणि बघ्यांना, विशेषतः पोरांना, आपल्या पाठीमागे ठेवावे.

परवानगी आणि परिसर

२०२१ च्या ड्रोन नियमांत हेलीही येते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल, असे वर्ग आहेत. जायच्या आधी डिजिटल स्काय हा उड्डाण-विभागांचा सरकारी नकाशा पाहावा. हिरव्या विभागात १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. वेंगुर्ले तालुक्यात चिपीला आणि रत्नागिरीला विमानतळ असल्याने त्या भागातल्या सड्यांना हे लागू पडते. वेळास, आंजर्ले अशा पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे हेली नेऊ नये.

माघ-फाल्गुनापासून सड्यावरचे गवत काडीसारखे वाळते आणि खाली आंबा-काजूच्या बागा असतात. पडलेल्या हेलीच्या दुखावलेल्या पॅकने वणवा लागू शकतो. या दिवसांत ओले गोणपाट आणि पाण्याचा कॅन सोबत असावा, आणि पडलेला पॅक अर्धा तास उघड्या कातळावर ठेवून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकू नये.

आगोटीची कामे

मृगाआधी लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून घेतात, तेव्हाच हेलीची आगोटही करावी. पॅक ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावेत आणि महिन्यातून एकदा मोजावेत. सेलमध्ये ०.०३ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर बॅलन्स करावेत. थ्रस्ट बेअरिंगे उघडून, पुसून, नव्या ग्रीसमध्ये बसवावीत. बेल्टवर चालणारी शेपूट असेल तर बेल्ट सैल करावा. हेली घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेच्या तव्यावर परतून पुन्हा निळे करता येतात. ती भांडी स्वयंपाकाला नकोत. दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढल्यावर पहिल्या दिवशी पाती न लावता मोटर चालवून आवाज ऐकावा. बारीक करकर आली तर ते बेअरिंग बदलूनच पाती चढवावीत.